वापसीचा माल

माझ्या नावावर एक चुकीचा शोधनिबंध, आमच्या भाषेत पेपर, आहे आणि तो मला मागे घेता येत नाही.

२०१३ सालची गोष्ट. तापीकाठच्या एका कॉलेजात मी रसायनशास्त्र शिकवतो. चोपडा तालुक्यातल्या काही विहिरींचं पाणी मी आणि टी.वाय.च्या चार पोरांनी ऐन मे महिन्यात बाटल्यांत भरून आणलं होतं. केळीच्या पट्ट्यात जो युरिया पडतो तो काही सगळा केळीच खात नाही. उरलेल्याचं नायट्रेट होऊन ते पाण्यासोबत खाली उतरतं. ते मोजायचं होतं. फिनॉल डायसल्फोनिक आम्ल टाकून पिवळा रंग आणायचा, कलरीमीटरवर वाचन घ्यायचं, वहीत लिहायचं. यंत्रं साधी होती, काम मात्र मनापासून केलेलं होतं. एका विहिरीचा आकडा आला लिटरला १४२ मिलिग्रॅम. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात तो ४५ च्या वर जायला नको.

टाईप करताना तक्त्यात माझ्याच हातून १४.२ पडलं. एक टिंब. खाली मजकुरात मात्र मी लिहिलं होतं की एका विहिरीचं पाणी मर्यादेच्या तिपटीहून वाईट आहे. म्हणजे वरचा तक्ता एक बोलत होता आणि खालचा परिच्छेद दुसरंच. कुणीही, अगदी आमच्या अकरावीच्या पोरानंही, तो पेपर एकदा वाचला असता तरी विचारलं असतं की सर, तिप्पट कुठं दिसतंय?

कुणी वाचलाच नाही. शुक्रवारी रात्री पेपर पाठवला, सोमवारी सकाळी स्वीकारल्याचा ईमेल. परीक्षकाचा अभिप्राय एका ओळीचा, पेपर उत्तम आहे, छापावा. त्याखाली बँकेचा खाते क्रमांक आणि पंधराशे रुपये. आठवडाभरात सोनेरी किनारीचं प्रमाणपत्र आलं, त्यावर माझ्या नावाहून मोठ्या अक्षरात ‘इम्पॅक्ट फॅक्टर’, म्हणजे नियतकालिकातल्या पेपरांचा इतर संशोधक किती हवाला देतात त्याचं माप, आणि दशांशाचे तीन आकडे. माझी कॅसची, म्हणजे बढतीची, फाईल तेव्हा अडली होती. दोन पेपर कमी पडत होते, त्यातला एक हा. हे सगळं मला त्या दिवशीही कळत होतं, म्हणून आता साळसूदपणा करत नाही.

सहा वर्षांनी माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याचा फोन आला. तो आता ग्रामपंचायतीत सदस्य. गावात शुद्ध पाण्याचं यंत्र बसवायचं का, यावर ग्रामसभेत वाद पेटला होता. विरोधातल्या एकानं मोबाईलवर माझाच पेपर उघडून दाखवला, की बघा, प्राध्यापकांनी छापलंय, आपलं पाणी एकदम चांगलं. विद्यार्थ्याला आठवत होतं, कारण बाटल्या भरायला तोच विहिरीत उतरला होता आणि वहीतला आकडाही त्यानंच लिहिला होता. त्याचे वडील फोनवर आले. “सर, मंग आते खरं कोनतं? वहीमधलं का छापेल?”

नायट्रेटचा वाईटपणा असा की पाणी दिसायला स्वच्छ आणि चवीलाही ठीक असतं. मोठ्या माणसाला सहसा लगेच काही जाणवत नाही. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला मात्र अशा पाण्यात दूधपावडर कालवून दिली तर त्याच्या रक्ताची प्राणवायू वाहण्याची ताकद घटते, बाळ निळसर पडू लागतं. आणि आया काळजीपोटी जे करतात, पाणी उकळणं, त्यानं नायट्रेट जात नाही, पाणी आटून उलट दाटतं. अशा ठिकाणी दशांश चिन्ह इकडचं तिकडे होणं हे मुद्रितशोधनातलं किरकोळ प्रकरण राहत नाही.

मी जर्नलला लिहिलं, चूक माझी आहे, दुरुस्ती छापा. उत्तर तत्परतेनं आलं. दुरुस्तीचे दोन हजार रुपये पडतील. मी भांडत बसलो, आणि तेवढ्यात ती वेबसाईटच गायब झाली. पेपरची पीडीएफ मात्र इतर चार ठिकाणी अजून आहे. माझ्या फाईलीतही आहे, गुणांसकट.

संशोधनातल्या नीतीची चर्चा आपल्याकडे निघाली की ती चोरीवर येते. वाङ्मयचौर्य किती टक्के, सॉफ्टवेअर काय म्हणतं. विद्यापीठ अनुदान आयोगाचे, म्हणजे यूजीसीचे, २०१८ चे नियम त्याचसाठी आहेत: दहा टक्क्यांपर्यंत साम्य माफ, त्यापुढे चाळीस, साठ अशा पायऱ्या आणि पायरीगणिक शिक्षा. चोरी वाईटच. पण माझा पेपर त्या यंत्रातून पास झाला असता, एक वाक्यही उचललेलं नव्हतं. तो नुसता चुकीचा होता, आणि छापणाऱ्याला त्याचं सोयरसुतक नव्हतं. एखादं नियतकालिक सचोटीचं आहे की नाही हे मला विचाराल तर मी आता एकच चौकशी करतो: चूक दाखवल्यावर ते काय करतं?

आमच्या केळीच्या व्यापारात याला रोजचा शब्द आहे. भाव जाहीर होतात तेव्हा बागेच्या प्रकाराप्रमाणे नवतीचा वेगळा, पिलबागेचा वेगळा, कांदेबागेचा वेगळा आणि शेवटी वापसीचा. वापसी म्हणजे निवडीत बाजूला पडलेला हलका माल. त्याला भाव कमी मिळतो, पण तो वापसी म्हणूनच विकला जातो. नवतीच्या गाडीत वापसी भरून पाठवली तर उत्तरेतला व्यापारी दुसऱ्या दिवशी फोनवर आईबहीण काढतो आणि पुढच्या गाडीला हात आखडतो. कटतीवरून, वजनकाट्यावरून या व्यापारात शेतकऱ्याची किती लूट होते हे मला कुणी सांगायला नको. तरीही इतकी शिस्त तिथं आहे. कारण त्या गाडीच्या शेवटी केळी खाणारं कुणीतरी आहे. आमच्या पेपरांच्या गाडीच्या शेवटी खाणारं कुणी नसतं. मोजणारा असतो.

मोजणी सुरू झाली २०१० मध्ये, यूजीसीच्या एपीआयपासून, म्हणजे शिक्षकाच्या कामाला गुण देण्याच्या पद्धतीपासून. हेतू चांगलाच होता: वशिल्यानं बढती मिळू नये, कामाचा हिशेब असावा. झालं असं की हिशेब राहिला आणि काम गेलं. २०१८ च्या नेमणूक-बढतीच्या नियमांत विज्ञानाच्या एका पेपरला आठ गुण. दोघांनी मिळून लिहिला तर प्रत्येकाला सत्तर टक्के. म्हणजे एकट्यानं लिहिलात तर शंभर आणि शेजारच्या टेबलावरच्या मित्राचं नाव घातलंत तर दोघांत मिळून एकशे चाळीस. आमच्या स्टाफरूममध्ये हे गणित गणिताच्या सरांच्या आधी सगळ्यांनी सोडवलं. या मोजणीमागोमाग एकदिवसीय राष्ट्रीय परिषदा आल्या, परिषदेच्या नोंदणी शुल्कातच विशेषांकात पेपर, आणि त्या विशेषांकात शेवगा, स्त्रीवाद, नॅनो कण आणि कबड्डी एका जिल्दीत सुखानं नांदताना दिसू लागली.

या बाजाराला आवर घालायला यूजीसीनं याद्या केल्या. पहिली मान्यताप्राप्त यादी २०१७ च्या जानेवारीत. तिच्यातल्या एका भागातली १,००९ नियतकालिकं पुणे विद्यापीठातल्या भूषण पटवर्धन आणि सहकाऱ्यांनी एकेक करून तपासली. पत्ता खोटा, संपादक कोण ते सापडत नाही, इम्पॅक्ट फॅक्टर बनावट; ८८ टक्क्यांहून अधिक नियतकालिकं निकषांत नापास. हे ‘करंट सायन्स’मध्ये २०१८ साली छापून आलं. त्याच वर्षी २ मे रोजी यूजीसीनं ४,३०५ नियतकालिकं यादीतून काढली. मग २०१९ मध्ये निवडक नियतकालिकांची ‘केअर’ यादी आली. तिचे क्लोन निघाले. खऱ्या नियतकालिकाच्या नावाची हुबेहूब वेबसाईट आणि खाली वेगळा खाते क्रमांक. फेब्रुवारी २०२५ मध्ये ती यादीही बंद झाली. आता चांगलं-वाईट संस्थांनी स्वतःच ठरवायचं, यूजीसी फक्त निकष सुचवणार.

यावर आमच्यात बरीच रड झाली, की आता कुणाला विचारायचं? मला विचाराल तर यादी गेली ते बरंच झालं. यादीमुळं वाचण्याची जबाबदारी अंगावरून झटकता येत होती. तपासणी समितीतले तज्ज्ञ पेपर हातात घेऊन नाव यादीत आहे का एवढंच बघत आणि पान उलटत. माझ्या त्या पेपरवरही समितीतल्या एकानं पेन्सिलीनं बरोबरची खूण केली होती, अगदी त्या तक्त्याच्या शेजारी.

इथं कुणी म्हणेल, देशी जर्नलचं सोडा, परदेशी प्रकाशकांकडं जा, स्कोपस या आंतरराष्ट्रीय सूचीत बघा, तिथं असलं चालत नाही. हा आपला जुना भाबडेपणा. २०१३ मध्येच जॉन बोहॅनन या पत्रकारानं ‘सायन्स’ साप्ताहिकासाठी एक सापळा लावला. दगडफुलातल्या रसायनानं कर्करोगाच्या पेशी मरतात असा, ढोबळ चुका मुद्दाम पेरलेला बनावट पेपर त्यानं ३०४ नियतकालिकांना धाडला. १५७ जणांनी स्वीकारला. त्यांत भारतातून चालणारी बरीच होती हे खरं, पण एल्सेव्हिअर आणि सेज या बड्या प्रकाशकांच्या छत्राखालचीही होती. २०२३ या एका वर्षात जगभरात दहा हजारांहून जास्त पेपर मागे घेतले गेले. त्यांतले आठ हजारांहून जास्त हिंदावी या प्रकाशनसंस्थेचे, आणि हिंदावी तेव्हा वायलीसारख्या जुन्या, मातब्बर प्रकाशकाच्या मालकीची होती. पाहुण्या संपादकांच्या विशेषांकांतून पेपर गिरण्यांनी, म्हणजे पैसे घेऊन बनावट पेपर पाडून देणाऱ्या धंद्यांनी, तिथं घाऊक माल ओतला होता. आमच्या कबड्डी-शेवगा अंकाचीच ही कोटबूट घातलेली आवृत्ती.

गिरणीचा माल ओळखायची एक गमतीची खूण फ्रान्समधले गियोम कबानाक आणि त्यांच्या जोडीदारांनी २०२१ मध्ये दाखवली. चोरी पकडणाऱ्या सॉफ्टवेअरला चकवायला नेहमीच्या संज्ञांचे शब्द आपोआप बदलले जातात. मग कृत्रिम बुद्धिमत्तेची ‘नकली जाणीव’ होते आणि स्तनाच्या कर्करोगाचं ‘वक्षसंकट’. मराठीत हे वाचून हसू येतं, पण इंग्रजीत असे पेपर शेकड्यांनी छापले गेले, कारण संपादक, परीक्षक आणि मुद्रितशोधक या तिघांतल्या एकाच्याही डोळ्यांखालून ते वाक्य गेलं नाही.

पैशाचंही बोलून टाकू. पूर्वी वाचक पैसे द्यायचा. आता खुल्या प्रकाशनाच्या नावाखाली लेखक देतो. ‘नेचर’नं २०२० मध्ये खुल्या पेपरचा दर जाहीर केला साडेनऊ हजार युरो, तेव्हाच्या भावानं आठ लाखांहून जास्त. पंधराशे घेणारा भुरटा आणि आठ लाख घेणारा सभ्य, हा भेद तपासणीच्या दर्जावर टिकतो हे मी मानतो. ‘नेचर’मध्ये माझं १४.२ एका दिवसात पकडलं गेलं असतं. पण जितके पेपर छापू तितकी कमाई, ही गाठ एकदा बसली की नाही म्हणायला संपादकाची जीभ जड होतेच, मग तो जळगावात बसलेला असो की लंडनमध्ये. केंद्र सरकारनं ‘एक देश, एक वर्गणी’साठी तीन वर्षांचे सहा हजार कोटी मंजूर केले, तीस प्रकाशकांची जवळपास तेरा हजार नियतकालिकं त्यात वाचायला मिळतील. खेड्यातल्या सरकारी कॉलेजातल्या पोराला हे दार उघडलं याचा मला खरोखर आनंद आहे. पण वाचायची सोय झाली म्हणून वाचायची सवय लागेल असं नाही.

सवय नसली की काय होतं याचा मोठा धडा आपल्याकडं चंदीगडमध्ये घडला आहे. पंजाब विद्यापीठातले जीवाश्मतज्ज्ञ विश्वजित गुप्ता वर्षानुवर्षं हिमालयातले जीवाश्म म्हणून भलत्याच खंडांतले नमुने छापत होते. १९८९ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या जॉन टॅलंट यांनी ‘नेचर’मध्ये ते उघड केलं. कॉनोडोंट नावाचे सूक्ष्म जीवाश्म न्यूयॉर्क राज्यातल्या एका ओढ्याकाठचे निघाले. गुप्तांच्या पेपरांवर देशोदेशीच्या नामवंतांची सहलेखक म्हणून नावं होती. त्यांना टपालानं नमुने आले, त्यांनी वर्णन लिहिलं, नाव लागलं. हा दगड नेमका कुठल्या डोंगरातून उचलला, मला तिथं घेऊन चल, असं म्हणायला फार जणांना सुचलं नाही. गुप्तांना पुढं विद्यापीठानं दोषी ठरवलं. नोकरी मात्र निवृत्तीपर्यंत टिकली.

आणि अस्सल-नक्कल ओळखण्याची परंपरा खान्देशाला परकी आहे म्हणावं तर तसंही नाही. वि. का. राजवाडे मराठ्यांच्या इतिहासाची साधनं गोळा करत गावोगाव हिंडले, वाड्यांच्या माळ्यांवरून, वाण्यांच्या दप्तरांतून कागद मिळवले, आणि आधी कागद छापले, मग मत मांडलं. मत चुकलं तरी कागद समोर आहे, दुसरा माणूस तपासू शकतो. ते गेल्यावर १९२७ मध्ये धुळ्यात त्यांच्या नावानं संशोधन मंडळ उभं राहिलं, त्यांचे कागद सांभाळले गेले, ‘संशोधक’ नावाचं त्रैमासिक निघालं. अमळनेरला प्रताप शेठजींनी १९१६ मध्ये तत्त्वज्ञान मंदिर काढलं. कृष्णचंद्र भट्टाचार्यांसारखा तत्त्वज्ञ तिथं येऊन राहिला, आणि जी. आर. मलकानींच्या संपादनाखाली तिथून निघणारं ‘फिलॉसॉफिकल क्वार्टर्ली’ देशभर वाचलं जायचं. गिरणीच्या भोंग्यावर चालणारं गाव ते! तेव्हा “आम्ही खेड्यापाड्यातले, आम्हाला कोण छापणार” ही आमची नेहमीची तक्रार मी अर्धीच खरी मानतो. खरा अर्धा भाग हा की आठवड्याला अठरा-वीस तास शिकवून, परीक्षेची कामं आणि नॅकच्या फायली सांभाळून, कलरीमीटरचा बल्ब स्वतःच्या खिशातून बदलणाऱ्या माणसाकडून वर्षाला दोन पेपर मागणं हाच मुळात वेडेपणा आहे. २०२२ मध्ये पीएचडीच्या प्रबंधाआधी पेपर छापण्याची सक्ती यूजीसीनं काढली. ती काढल्यानं संशोधन बुडालं नाही. कॉलेजच्या शिक्षकाच्या बढतीतूनही ती काढावी. ज्याला शिकवण्यात गती आहे त्याला शिकवण्यावर मोजा. ज्याला संशोधन करायचं आहे त्यानं दहा वर्षांत एक पेपर दाखवावा, आणि पेपरसोबत वही. समितीनं तो पेपर त्याच्यासमोर बसून तासभर वाचावा, वहीतले पाच आकडे तक्त्यातल्या पाच आकड्यांशी ताडून बघावेत. याला ना सॉफ्टवेअर लागतं ना यादी. माझ्याबाबत हे झालं असतं तर ते टिंब २०१३ मध्येच सापडलं असतं, आणि मला लाज वाटली असती ती फक्त चार माणसांत.

लाजेचा मुद्दा मी मुद्दाम काढला, कारण सध्या गाडी उलट्या दिशेनं चालली आहे. केंद्र सरकारच्या शिक्षणसंस्थांच्या २०२५ च्या एनआयआरएफ क्रमवारीत मागे घेतलेल्या पेपरांसाठी संस्थांचे गुण कापायला सुरुवात झाली. बातमी वाचून आमच्याकडं टाळ्या वाजल्या. बनावट पेपर काढणाऱ्या संस्थांना चाप बसेल म्हणून. बसेलही. पण मागे घेतलेला पेपर दोन प्रकारचा असतो. एक, पकडला गेला म्हणून मागे घ्यावा लागलेला. दुसरा, लेखकालाच पुढं चूक सापडली आणि त्यानं आपण होऊन कळवलं तो. पहिला गुन्हा, दुसरं कर्तव्य. दोन्हींना एकच उणे गुण ठेवले तर उद्या वहीतली चूक सापडलेला माणूस प्राचार्यांकडं जाईल आणि प्राचार्य म्हणतील, “सर, कशाला उकरता? कुणी वाचतंय का ते?” पाच टक्के माल खराब निघाला म्हणून सांगणाऱ्या शेतकऱ्याची सगळी गाडी परत पाठवली, तर पुढच्या वेळी तो खालच्या थरात काय भरेल हे केळीवाल्यांना विचारा. एनआयआरएफनं हा फरक करायलाच हवा, आणि तो करणं अवघड नाही. पेपर मागे घेताना कारण छापावं, तो कोण मागे घेतंय हे त्यात लिहावं, असा प्रकाशन-नीतीच्या ‘कोप’ या ब्रिटनमधल्या समितीचा सल्लाच आहे. फक्त ते वाचून गुण द्यावे लागतील. पुन्हा वाचण्यापाशीच येतो.

गावाकडचं राहिलं. फोननंतरच्या रविवारी मी ती जुनी वही घेऊन चोपड्याला गेलो. मुलांच्या हातचे आकडे, पानावर आम्लाचा पिवळा डाग, सगळं जसंच्या तसं. त्याच विहिरीचं पाणी पुन्हा आणून तपासलं, आकडा सव्वाशेच्या पुढेच आला. एका पानाचं शुद्धिपत्रक मराठीत लिहून, सही करून ग्रामपंचायतीत दिलं. ते फलकावर लावलं गेलं, पावसाळ्यात भिजलं, पण ग्रामसभेच्या इतिवृत्तात त्याची नोंद आहे. मला वाटतं माझ्या आयुष्यातलं सगळ्यात जास्त वाचलं गेलेलं प्रकाशन तेच.

मग कॉलेजच्या ऑफिसात अर्ज दिला: माझ्या बढतीच्या फाईलीतला अमुक क्रमांकाचा पेपर सदोष आहे, कृपया तो यादीतून वगळावा आणि त्याचे गुण कमी करावेत. हेडक्लार्कनं अर्ज दोनदा वाचला. तीस वर्षांच्या नोकरीत असा अर्ज त्यांनी पाहिला नव्हता. कपाटातून नमुन्याचा फॉर्म काढला, वरून खाली बोट फिरवलं. पेपरचं शीर्षक, नियतकालिकाचं नाव, आयएसएसएन, सहलेखक, गुण. “वाढवायचा रकाना आहे सर,” ते म्हणाले, “कमी करायचा नाही.” तरी त्यांनी अर्ज ठेवून घेतला, आवक क्रमांक टाकला आणि वर पेन्सिलीनं शेरा मारला, ‘चर्चा करावी’.